उंबरठ्यावरील कायदा

२४ जून १९०८ रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी पुण्यातील त्यांच्या गायकवाड वाड्याची झडती घेतली. सिंहगडावरील बंगलाही सुटला नाही. घरधनी मुंबईस बंदीत आणि इकडे पुण्यास कपाटे, पेट्या, टेबलाचे खण धुंडाळले जात आहेत, असा तो देखावा होता. या साऱ्या शोधातून सरकारच्या हाती जे लागले, त्यात एक साधे पोस्टकार्ड होते. त्यावर स्फोटक द्रव्यांसंबंधीच्या दोन इंग्रजी पुस्तकांची नावे लिहिलेली होती.

हे कार्ड पुढे खटल्यात पुरावा म्हणून ज्यूरीसमोर ठेवण्यात आले. वास्तविक खटला 'केसरी'तील लेखांबद्दल होता. टिळकांनी खुलासा केला की, सरकारने त्याच वर्षी स्फोटक द्रव्यांविषयी नवा कायदा केला होता. त्यातील व्याख्येवर टीका लिहावयाची म्हणून संदर्भासाठी ही नावे टिपून ठेवली होती. संपादकाच्या टेबलाच्या खणात असा कागद सापडावा यात नवल ते काय? परंतु बाँबच्या बातम्यांनी भयभीत झालेल्या त्या काळात अशा कार्डाचा उपयोग काय होतो, हे सांगावयास नको. एकवीस तासांहून अधिक काळ चाललेल्या आपल्या भाषणात टिळकांना त्या दोन ओळींचाही जाब द्यावा लागला. २२ जुलै रोजी ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरविले आणि सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या झडतीस मॅजिस्ट्रेटचे वॉरंट होते. ती बेकायदा होती असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ती विचार करावयास लावणारी आहे. मनुष्य आपल्या खणात जे कागद ठेवतो, ते जगाला दाखविण्यासाठी नसतात. त्यात अर्धवट विचार असतात, खाजगी पत्रे असतात, उद्या खोडून टाकावयाची टिपणे असतात. राजसत्तेने हा खण केव्हा उघडावा, कोणाच्या परवानगीने उघडावा आणि उघडताना कोणी पाहावयास असावे की नाही, या तीन प्रश्नांभोवती झडतीच्या कायद्याचा सारा इतिहास फिरतो.

हा इतिहास पाहू जाता आरंभ इंग्लंडात करावा लागतो. कारण हिंदुस्थानात इंग्रजांनी जी फौजदारी संहिता आणली, तिच्यातील झडतीविषयक नियमांची मुळे तेथल्याच न्यायालयांत रुजली होती. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन एंटिक नावाचे एक गृहस्थ होते. पेशाने ते शिक्षक. शब्दकोश व पाठ्यपुस्तके लिहून निर्वाह करणारे. 'द मॉनिटर' नावाच्या सरकारविरोधी साप्ताहिकाशी त्यांचा संबंध होता. ११ नोव्हेंबर १७६२ रोजी नेथन कॅरिंग्टन आणि त्याचे तीन सोबती, हे राजाचे शिपाई, एंटिक यांच्या घरात शिरले. त्यांच्याजवळ लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याच्या सहीचा हुकूम होता. चार तास ते घरात होते. कुलुपे फोडली, खण उपसले आणि शेकडो छापील व लेखी कागद उचलून नेले.

एंटिक यांनी या शिपायांवर घरात अनधिकाराने शिरल्याचा दावा लावला. ज्यूरीने त्यांना तीनशे पौंडांची भरपाई ठरविली आणि १७६५ साली सरन्यायाधीश लॉर्ड कॅम्डेन यांनी निकाल दिला. त्या निकालाचा गाभा थोडक्यात असा: मंत्र्याला असा हुकूम काढण्याचा अधिकार आहे असे जो म्हणतो, त्याने तो अधिकार देणारा कायदा दाखवावा. कायदा नसेल, तर हुकूम घेऊन आलेला शिपाई आणि वाट चुकून दुसऱ्याच्या आवारात शिरलेला परका, यांत कायद्याच्या दृष्टीने फरक नाही. 'राज्याच्या गरजेसाठी केले' ही सबब न्यायालयाने मानली नाही. आजवर असे होत आले आहे, हेही कारण पुरेसे ठरले नाही. एका शिक्षकाच्या घरातील कागदांच्या गठ्ठ्याने इंग्लंडच्या मंत्रिमंडळाला ही मर्यादा घालून दिली.

त्याच सुमारास जॉन विल्क्स या पार्लमेंटच्या सभासदाचे प्रकरण गाजत होते. 'नॉर्थ ब्रिटन' या पत्राच्या ४५व्या अंकात, एप्रिल १७६३ मध्ये, राजाच्या भाषणावर टीका आली. तेव्हा हॅलिफॅक्स यांनी जे वॉरंट काढले, त्यात पकडावयाच्या माणसांची नावेच नव्हती. लेखक, मुद्रक, प्रकाशक असतील त्यांना पकडा, एवढाच मजकूर. त्या एका कागदावर एकोणपन्नास माणसे धरली गेली. विल्क्स यांनीही दावे लावून भरपाई मिळविली. बिननावाचे, सरसकट वॉरंट हा कायदा नव्हे, त्याला कायद्याचा आधार नाही, ही गोष्ट या खटल्यांतून इंग्लंडात रूढ झाली.

समुद्रापलीकडील अमेरिकन वसाहतींत मात्र इंग्लंडचे राज्यकर्ते हाच न्याय लावावयास तयार नव्हते. तेथे जकातीच्या अधिकाऱ्यांजवळ 'साहाय्याचे हुकूमनामे' असत. चोरट्या मालाच्या संशयावरून ते अशा हुकूमनाम्याच्या जोरावर कोणत्याही घरात, कोणत्याही वखारीत शिरू शकत. कोणाचे घर, कोणता माल, हे लिहिण्याची आवश्यकता नव्हती. १७६१ च्या फेब्रुवारीत बोस्टन येथे जेम्स ओटिस या वकिलाने या हुकूमनाम्यांविरुद्ध कित्येक तास भाषण केले. खटला तो हरला. पण त्या दिवशी न्यायालयात जॉन अ‍ॅडम्स नावाचा एक तरुण वकील बसला होता. तोच पुढे अमेरिकेचा दुसरा अध्यक्ष झाला. अमेरिकन स्वातंत्र्याचा जन्म त्या न्यायालयात झाला, असे त्याने उतारवयात लिहून ठेवले आहे.

स्वतंत्र झाल्यावर अमेरिकनांनी ही आठवण घटनेत गोठविली. १५ डिसेंबर १७९१ रोजी संमत झालेल्या दहा दुरुस्त्यांपैकी चौथी दुरुस्ती झडतीविषयी आहे. नागरिकांची शरीरे, घरे, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना गैरवाजवी झडतीपासून संरक्षण राहील. सबळ कारण शपथेवर मांडल्याशिवाय वॉरंट निघणार नाही. आणि कोणत्या जागेची झडती घ्यावयाची, कोणती वस्तू वा व्यक्ती ताब्यात घ्यावयाची, हे वॉरंटात स्पष्ट लिहिले पाहिजे, असा तिचा आशय. एंटिक यांचे फोडलेले खण आणि बोस्टनची वखार, दोन्ही त्या एका वाक्यात सामावली आहेत.

आता हिंदुस्थानकडे वळू. येथे राज्य परक्यांचे होते; त्यामुळे घटनेतील हक्काचा प्रश्नच नव्हता. तथापि इंग्रजांनी केलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेत झडतीचे नियम होते. १८९८ च्या संहितेतील १०३ व्या कलमाने असे ठरविले होते की, झडती घेण्यापूर्वी अधिकाऱ्याने त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना बोलवावे. त्यांच्यासमक्ष झडती घ्यावी. सापडलेल्या वस्तूंची आणि त्या जेथे सापडल्या त्या जागांची यादी करावी व तीवर त्यांच्या सह्या घ्याव्यात. घरात राहणाऱ्यास किंवा त्याच्या माणसास झडतीच्या वेळी हजर राहू द्यावे. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावी आणि तीही सभ्यतेची पूर्ण बूज राखून.

वस्तीतील या दोन रहिवाशांना लोकांनी आपल्या भाषेत 'पंच' म्हटले आणि त्यांच्या सह्यांच्या कागदाला 'पंचनामा'. मूळ संहितेत हा शब्द नाही. गावच्या तंट्यात चार शहाण्यांना बोलावण्याची जी जुनी रीत, तिच्यातून तो आला. इंग्रजी कायद्याचे कलम आणि मराठी गावाची स्मृती यांची सांगड अशी एका शब्दात पडली. ग्वाल्हेर, इंदूर, हैदराबाद या पूर्वीच्या संस्थानी मुलुखांना ही संहिता १९५१ साली लागू झाली. गोमंतकात ती मुक्तीनंतर आली. परंतु पंचाची कल्पना यांपैकी कोणत्याही ठिकाणी नवी वाटली नसावी.

संहितेत आणखी एक महत्त्वाचे कलम होते, ते १६५ वे. तपास करणाऱ्या अधिकाऱ्याला काही प्रसंगी वॉरंटाशिवायही झडती घेता येते. पण त्यासाठी, हवी असलेली वस्तू अन्य मार्गाने विनाविलंब मिळणार नाही, असे मानण्यास वाजवी कारण हवे. ते कारण त्याने आधी लेखी नमूद करावयाचे आणि कशाचा शोध घ्यावयाचा तेही शक्य तितके स्पष्ट लिहावयाचे. पुढे त्या लेखाची प्रत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे, अशीही तरतूद झाली. मनात आलेल्या संशयाला शाईत उतरविण्याची ही सक्ती किरकोळ वाटते. पण ज्याला कारण लिहावे लागते, त्याला आधी कारण शोधावे लागते.

देश स्वतंत्र होण्याची वेळ आली, तेव्हा प्रश्न उभा राहिला की, हे संरक्षण संहितेत आहे तेवढे पुरे, की त्याला घटनेत स्थान द्यावे? संहिता कायदेमंडळ केव्हाही बदलू शकते. मूलभूत हक्क साध्या बहुमताने बदलता येत नाही. १९४७ च्या मार्चमध्ये घटना समितीच्या मूलभूत हक्क उपसमितीपुढे जे मसुदे आले, त्यांपैकी कन्हैयालाल मुन्शी यांच्या मसुद्यात घराची अभंगता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे हक्क होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या मसुद्यात तर अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीच्या धर्तीवर, गैरवाजवी झडतीपासून संरक्षणाचे स्वतंत्र कलमच होते.

त्याला विरोध झाला, तो हुकूमशहांकडून झाला नाही. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बेनेगल नरसिंह राव हे दोघेही थोर कायदेपंडित. पत्रव्यवहार गुप्त ठेवण्याचा हक्क मूलभूत झाला, तर कटाचे गुन्हे सिद्ध करणे कठीण होईल, असे अय्यर यांचे म्हणणे. न्यायालयाच्या वॉरंटाशिवाय झडतीच घेता येणार नाही असा अर्थ झाल्यास पोलिसांच्या तपासाच्या अधिकारांवर गंभीर परिणाम होईल, अशी राव यांची शंका. फाळणीच्या छायेतील ते दिवस होते. ही भीती निराधार म्हणता येणार नाही. हे हक्क अखेर अंतिम मसुद्यातून गळले.

पण प्रकरण तेथे संपले नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत एक सभासद उभे राहिले. त्यांचे नाव काझी सय्यद करीमुद्दीन. ते मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. मसुद्यातील १४ व्या कलमाला त्यांनी दुरुस्ती सुचविली. तिचा मजकूर अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीशी जवळजवळ जुळणारा होता. नागरिकांची शरीरे, घरे, कागदपत्रे, चीजवस्तू यांना गैरवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असावे, एवढेच त्यांचे मागणे.

उत्तर देताना डॉ. आंबेडकर यांनी ही दुरुस्ती स्वीकारण्याची तयारी दाखविली. त्यांचा युक्तिवाद मुद्देसूद होता. हे संरक्षण फौजदारी संहितेत आहेच, म्हणून त्यात नवे काही नाही. परंतु उद्याचे कायदेमंडळ संहितेतील ही कलमे रद्द करू शकेल. व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने ती इतकी महत्त्वाची आहेत की, त्यांना कायदेमंडळाच्या हातापलीकडे ठेवणे इष्ट. मसुदा समितीच्या अध्यक्षांनीच मान्यता दिल्यावर सूचना संमत होणार असे कोणासही वाटले असते. पण त्या दिवशी सभागृहात एकमत झाले नाही, मतदान पुढे ढकलले गेले, आणि ६ डिसेंबर १९४८ रोजी ती सूचना फेटाळली गेली. वऱ्हाडच्या प्रतिनिधीने मांडलेले आणि आंबेडकरांनी उचलून धरलेले हे वाक्य घटनेच्या दारापर्यंत येऊन परतले.

एक वाक्य घटनेत आले नाही, त्याने बिघडले काय? याचे उत्तर सहा वर्षांत मिळाले. १९५३ साली दालमिया उद्योगसमूहाच्या कारभाराच्या चौकशीत चौतीस ठिकाणी झडत्या झाल्या आणि कागदपत्रांचे ढीग ताब्यात घेण्यात आले. त्याविरुद्धचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. 'एम. पी. शर्मा विरुद्ध सतीशचंद्र' या खटल्यात १५ मार्च १९५४ रोजी आठ न्यायमूर्तींनी निकाल दिला. झडतीचा अधिकार समाजाच्या सुरक्षिततेसाठी राज्याला आवश्यक आहे, आणि अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखा हक्क घटनाकारांनी आपल्या घटनेत घातलेला नसताना, तो ओढूनताणून आणण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने म्हटले. १९४८ साली जे गळले, त्याची नोंद १९५४ साली अशी झाली.

तरीही घराच्या दाराचा प्रश्न वारंवार न्यायालयाच्या दाराशी येत राहिला. उत्तर प्रदेशातील खडकसिंग यांच्यावर १९४१ साली दरोड्याचा आळ आला होता. पुरावा नाही म्हणून ते सुटले. पण पोलिसांनी त्यांच्या नावाचे टिपण उघडले आणि पाळत सुरू झाली. रात्री-अपरात्री शिपाई व चौकीदार येत, दार ठोठावीत, मोठमोठ्याने हाका मारून त्यांना झोपेतून उठवीत. १८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, रात्री घरी जाऊन अशी चौकशी करण्याचा पोलीस नियम घटनेच्या २१ व्या कलमाशी विसंगत आहे. प्रत्येकाचे घर म्हणजे त्याचा किल्ला, या जुन्या इंग्रजी सूत्राचा उल्लेखही त्या निकालात आला. मात्र खाजगीपणाचा हक्क आपल्या घटनेत हमी दिलेला हक्क नाही, असे बहुमताने त्याच निकालात सांगितले, आणि पाळतीचे बाकीचे नियम कायम राहिले. न्यायमूर्ती सुब्बा राव आणि शहा यांनी मात्र सारेच नियम अवैध ठरविले.

अशाच स्वरूपाचे नियम मध्य प्रदेशातही होते. तेथील पोलीस नियम ८५५ व ८५६ यांना गोविंद नावाच्या नागरिकाने आव्हान दिले. १८ मार्च १९७५ रोजी न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी लिहिलेल्या निकालात ते नियम रद्द झाले नाहीत. परंतु घरी जाऊन चौकशी करण्याचा अधिकार समाजाच्या सुरक्षिततेला स्पष्ट धोका असेल अशाच माणसांपुरता वापरावा, अशी मर्यादा न्यायालयाने घातली. आणि मनुष्याला घरात एकांताचा काही हक्क असू शकतो, ही गोष्ट विचारात घेतली. दार किंचित उघडले होते.

ते पूर्ण उघडावयास आणखी बेचाळीस वर्षे लागली. 'आधार' योजनेविरुद्धच्या खटल्यात सरकारतर्फे असे सांगण्यात आले की, १९५४ आणि १९६२ च्या निकालांनुसार भारतीय नागरिकाला खाजगीपणाचा मूलभूत हक्कच नाही. तेव्हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींपुढे गेला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी, निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर, त्या नऊही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खाजगीपणा हा जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अविभाज्य भाग आहे. जुने दोन निकाल तेवढ्यापुरते रद्द झाले. त्या पीठावर न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. करीमुद्दीन यांच्या सूचनेचा इतिहासही त्या निकालपत्रात नोंदला गेला. ६ डिसेंबर १९४८ नंतर जवळजवळ एकोणसत्तर वर्षांनी ते परतलेले वाक्य वेगळ्या शब्दांत घरी आले.

मात्र घटनेत वाक्य असले म्हणजे सारे झाले, असेही नव्हे. याची साक्ष गोमंतकाजवळ आहे. पोर्तुगालच्या १९३३ च्या राज्यघटनेच्या आठव्या कलमात घराची अभंगता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता हे दोन्ही हक्क लिहिलेले होते. त्यांना 'कायदा ठरवील त्याप्रमाणे' अशी पुस्ती तेवढी जोडलेली होती. त्याच सालाझारच्या राजवटीने १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना लष्करी न्यायालयापुढे उभे केले आणि पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले. राज्यकर्त्याला 'कायदा दाखव' असे विचारणारा स्वतंत्र न्यायाधीश नसेल, तर घटनेतील सुंदर वाक्य भिंतीवर टांगलेल्या तसबिरीसारखे राहते. एंटिक यांना घटनेचे कलम मिळाले नव्हते. त्यांना लॉर्ड कॅम्डेन मिळाले होते.

आणखी एक बाब अशी की, आपल्याकडे हक्क मान्य झाला असला, तरी बेकायदा झडतीत सापडलेला पुरावा केवळ त्या कारणावरून त्याज्य ठरत नाही. अमेरिकेत याउलट आहे. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरी डॉलरी मॅप या महिलेच्या घरात २३ मे १९५७ रोजी पोलीस एक कागद नाचवीत शिरले. खटल्यात ते वॉरंट काही पुढे आले नाही. १९ जून १९६१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, अशा रीतीने मिळविलेला पुरावा राज्यांच्या न्यायालयांतही वापरता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 'पूरणमल' खटल्यात प्राप्तिकर खात्याच्या झडत्यांचा विचार करताना ही वाट स्वीकारली नाही. पुरावा खटल्याशी संबद्ध असेल तर तो घेता येतो, असा निर्णय झाला. अपराधी केवळ शिपायाच्या चुकीमुळे सुटू नये, हा यामागील विचार समजण्याजोगा आहे. पण नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याला त्या चुकीची झळ फारशी लागत नाही, हाही त्याचाच परिणाम होय. झडती सदोष असेल तर पुरावा अधिक सावधपणे पारखावा, एवढे मात्र न्यायालयाने सांगून ठेवले आहे.

म्हणून आपल्या देशात झडतीच्या वेळचे साधे नियम आणि ते पाळले गेले की नाही हे पाहणारे डोळे यांना विशेष महत्त्व आहे. १८९८ च्या संहितेची जागा १९७३ च्या संहितेने घेतली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. कलमांचे क्रमांक बदलले. पण कारण लेखी नमूद करणे, वस्तीतील स्वतंत्र व प्रतिष्ठित पंच, घरच्या माणसाची उपस्थिती, जप्त वस्तूंची यादी व तिची प्रत, ही जुनी चौकट कायम आहे. नव्या संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण करण्याचे बंधनही घातले आहे. दोन पंचांच्या जोडीला आता यंत्राचा डोळा आला.

यंत्र सत्य दाखविते, परंतु जेवढे त्याच्यासमोर धरले जाते तेवढेच. खणात आधी काय होते, कोणी काय बाहेर काढले, यादीत काय लिहिले आणि काय राहिले, हे शेजारी उभा असलेला माणूसच सांगू शकतो. म्हणूनच कायद्याने पंचाचे काम हे नागरिकाचे कर्तव्य मानले. लेखी हुकूम होऊनही सबळ कारणाशिवाय जो पंच म्हणून येण्यास नकार देतो, तो अपराधी ठरतो. आणि जो येतो, पण न पाहता सही करतो, त्याचे काय? त्याला शिक्षा सांगणारे कलम सहसा कोणी उघडत नाही. न्यायालयांना मात्र असे पंच नेहमी भेटतात. कोणी म्हणतो, ठाण्यात बोलावले म्हणून गेलो. कोणी म्हणतो, कागद वाचलाच नव्हता. कोणी तर अनेक खटल्यांत पंच म्हणून उभा राहिलेला असतो. अशा सहीने कधी निरपराध अडकतो, तर कधी खरा गुन्हेगार सुटतो. दोन्हींचे मूळ तीच न वाचलेली ओळ असते.

कॅम्डेन, ओटिस, आंबेडकर, करीमुद्दीन ही नावे इतिहासाने जपली. पण कोणत्याही गावात ज्या दिवशी एखाद्या दारावर पोलिसांची थाप पडते, त्या दिवशी त्यांपैकी कोणीही तेथे नसतो. तेथे असतो समोरच्या दुकानाचा मालक, वरच्या माळ्यावरचा कारकून, शाळेतून परतणारा शिक्षक. त्यांपैकी दोघांना हाक मारली जाते. त्यांनी झडती संपेपर्यंत थांबावे, काय कोठे सापडले ते डोळ्यांनी पाहावे, यादी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावी, जे पाहिले नाही ते लिहिले असल्यास तसे स्पष्ट सांगावे, आणि मगच सही करावी. ही सही करावयास कदाचित अर्धा तास अधिक लागेल. त्या अर्ध्या तासासाठी लंडनमध्ये, बोस्टनमध्ये आणि दिल्लीत माणसे अडीचशे वर्षे भांडली आहेत.